आज्ञावली-संचांची स्थापना व निष्कासन

आज्ञावली-संचांची स्थापना व निष्कासन : मेजावरील संगणकावर एखादी आज्ञावली वापरता येईल अशा रीतीने बसविणे म्हणजे स्थापना आणि बसविलेली आज्ञावली तिच्यामुळे झालेल्या बदलांसह काढून टाकणे म्हणजे निष्कासन होय. आज्ञावलीला व्यवहारात सॉफ्टवेअर म्हणतात. तिच्या सर्व फाईली व तिच्याविषयीची माहिती एकत्र बांधून तयार केलेल्या गठ्ठ्याला आज्ञावली-संच किंवा नुसते पॅकेज अशी संज्ञा आहे. विंडोज, मॅकओएस आणि लिनक्सवर आधारलेली विविध वितरणे ह्या मेजावरील संगणकांच्या प्रमुख परिचालन प्रणाली होत [⟶ संगणक]. त्यांपैकी प्रत्येकीची संच हाताळण्याची पद्धत वेगळी आहे.

ह्या दोन क्रिया परस्परांच्या केवळ उलट आहेत, असे वरवर पाहता वाटते. प्रत्यक्षात त्यांत मोठा फरक आहे. स्थापना करणाऱ्याला काय कोठे ठेवायचे ते ठाऊक असते. निष्कासन करणाऱ्याला मात्र काय कोठे ठेवले गेले आणि त्यावर आता आणखी कोण अवलंबून आहे, हे शोधावे लागते. हा शोध स्थापनेच्या वेळी केलेल्या नोंदीच्या आधारेच घेता येतो. म्हणून संच-व्यवस्थापनाचा इतिहास हा मुख्यत्वे ही नोंद कोणी, कोठे व किती काटेकोरपणे ठेवायची, ह्या प्रश्नाचा इतिहास आहे.

इतिहास : १९८० नंतरच्या दशकात एमएस-डॉस ही परिचालन प्रणाली वापरणाऱ्या संगणकांवर स्थापना अगदी सोपी होती. फ्लॉपीवरील फाईली हार्ड डिस्कवरील एका स्वतंत्र निर्देशिकेत उतरवून घेतल्या की काम भागे. नको झालेली आज्ञावली काढण्यासाठी ती निर्देशिका पुसली की पुरे होई. बहुतेक आज्ञावली स्वयंपूर्ण असल्यामुळे एकीच्या जाण्याने दुसरीचे काही बिघडत नसे.

विंडोज प्रणालीचा प्रसार झाल्यावर ही स्थिती पालटली. खिडक्या काढणे, अक्षरे उमटविणे, छपाई करणे यांसारखी कामे प्रत्येक आज्ञावलीने वेगळी करण्याऐवजी त्यांसाठी लागणारे सामाईक घटक, म्हणजे डीएलएल फाईली, एकत्र ठेवून त्यांचा उपयोग सर्वांनी करावा, अशी योजना आली. त्यामुळे जागा वाचली. परंतु नव्या आज्ञावलीने आपल्याबरोबर आणलेला घटक आधीच्या घटकाच्या जागी लिहिला गेला, तर जुनी आज्ञावली बंद पडू लागली. ह्या अवस्थेला संगणकतज्ज्ञ उपहासाने ‘डीएलएलचा नरक’ म्हणत. विंडोज ९५ मध्ये स्थापित आज्ञावलींची यादी दाखविणारी व त्या काढण्याची सोय नियंत्रण-फलकात करण्यात आली. तथापि काढण्याचे प्रत्यक्ष काम त्या त्या आज्ञावलीच्या निर्मात्यानेच पुरविलेली उपआज्ञावली करीत असे. निर्माता काळजीपूर्वक काम करणारा असेल, तर निष्कासन स्वच्छ होई. नसेल, तर मागे अवशेष राहत.

लिनक्सच्या क्षेत्रात प्रश्न निराळ्या बाजूने पुढे आला. तेथे परिचालन प्रणाली हीच शेकडो स्वतंत्र रचनाकारांच्या आज्ञावलींची जुळणी असते. ही जुळणी करून देणाऱ्या वितरणांपैकी स्लॅकवेअर व डेबियन ही दोन्ही १९९३ मध्ये सुरू झाली. डेबियनसाठी १९९४ मध्ये ‘डीपीकेजी’ हे संच-व्यवस्थापक तयार झाले आणि रेड हॅट ह्या वितरणाने १९९५ च्या सुमारास ‘आरपीएम’ ही पद्धती आणली. दोहोंचे तत्त्व एकच होते : आज्ञावलीने स्वतःला बसवू नये; प्रणालीने तिला बसवावे व तिची नोंद प्रणालीनेच ठेवावी. डेबियनच्या मार्च १९९९ मधील आवृत्तीपासून ‘एपीटी’ हे साधनही वितरणात आले. संचाचे नाव सांगितले की, तो व त्याला लागणारे इतर संच जालावरील भांडारातून आणून बसविण्याचे काम ते करते. १९९९ मध्येच मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज इन्स्टॉलर’ ही पद्धती प्रचारात आणली. तीत स्थापनेच्या पायऱ्या तक्त्यांच्या रूपाने संचातच लिहिलेल्या असतात आणि मध्येच अडथळा आल्यास संगणक पूर्वस्थितीला आणता येतो.

संचाची रचना : डेबियन पद्धतीचा संच उदाहरणादाखल घेता येईल. त्याचे तीन भाग असतात. पहिल्यात संचाच्या बांधणीची आवृत्ती एवढीच नोंद असते. दुसऱ्यात संचाचे नाव, आवृत्ती, तो कोणत्या प्रकारच्या संस्कारकासाठी आहे, तो सांभाळणारी व्यक्ती किंवा गट, त्याला लागणाऱ्या इतर संचांची यादी आणि स्थापनेच्या अगोदर व नंतर करावयाच्या क्रियांच्या सूचना असतात. तिसऱ्या भागात प्रत्यक्ष फाईली असतात आणि प्रत्येक फाईल डिस्कवर कोठे जाणार, हे तिच्या मार्गनामावरून ठरते.

संच बसविला की त्यातील प्रत्येक फाईलचे मार्गनाम प्रणालीच्या नोंदवहीत उतरविले जाते. ग्रंथालयाच्या दाखल-नोंदवहीवरून एखादे पुस्तक केव्हा व कोठून आले ते सांगता येते. त्याचप्रमाणे ह्या नोंदीवरून डिस्कवरील कोणतीही फाईल कोणत्या संचाची, हे सांगता येते. दोन संच एकाच मार्गनामावर हक्क सांगू लागले, तर व्यवस्थापक दुसऱ्याची स्थापना थांबवितो. विंडोजच्या सुरुवातीच्या काळातील फाईलीवर फाईल लिहिली जाण्याचा दोष ह्या एका नियमाने टळतो.

स्थापनेची क्रिया : भांडारातून संच बसविताना पुढील टप्पे क्रमाने येतात. (१) भांडारातील संचांची अद्ययावत सूची आणली जाते. (२) मागितलेल्या संचाला आणखी कोणते संच लागतात, ते ठरविले जाते. (३) सर्व संच उतरवून घेतले जातात व ते मूळ स्वरूपातच आहेत ना, हे तपासले जाते. (४) फाईली उलगडून जागच्या जागी ठेवल्या जातात. (५) संच कार्यक्षम करण्याच्या सूचना अमलात आणल्या जातात. चौथ्या व पाचव्या टप्प्यांच्या दरम्यान वीज गेली, तर संच अर्धस्थापित राहतो. परंतु तशी नोंद झालेली असल्यामुळे पुढे काम तेथूनच पुरे करता येते.

मराठी टंकलेखनाचे उदाहरण घेऊ. डेबियनवर मराठी लिहू इच्छिणाऱ्याने ‘आयबस-एम१७एन’ हा संच मागितला, तर व्यवस्थापक त्याबरोबर ‘आयबस’ ही निवेशनाची मूळ आज्ञावली, तिला लागणारे सामाईक घटक आणि निरनिराळ्या भाषांच्या कळफलकांची माहिती असलेला संच आणतो. ह्या शेवटच्या संचात मराठीचा इनस्क्रिप्ट व उच्चारानुसारी असे दोन्ही कळफलक असतात. काही संच तर निव्वळ यादीच्या स्वरूपाचे असतात. ‘फाँट्स-इंडिक’ ह्या संचात स्वतःचा एकही फाँट नाही. तो भारतीय लिप्यांच्या फाँट-संचांवरील अवलंबन तेवढे नोंदवितो आणि तो मागितला की, देवनागरीसह अनेक लिप्यांचे फाँट एकदम येतात.

अवलंबनाचा प्रश्न : एका संचाला दुसरा लागणे ह्यास अवलंबन म्हणतात. ‘अमुक संच हवा’ एवढेच ते नसते. ‘अमुक आवृत्ती किंवा तीहून नवी’, ‘ह्या दोहोंपैकी कोणताही एक’, ‘अमुक संच असेल तर हा नको’ अशा अटीही त्यात येतात. भांडारात हजारो संच असता सर्व अटी एकाच वेळी पाळणारी निवड शोधणे हा गणिती दृष्ट्या अवघड प्रश्न आहे. सर्वसाधारण स्वरूपात तो संगणकशास्त्रातील ‘एनपी-पूर्ण’ ह्या वर्गात मोडतो. म्हणजे प्रत्येक वेळी झटपट उत्तर देणारी रीत त्यासाठी ज्ञात नाही. व्यवहारात भांडारांचे सांभाळकर्ते अटी परस्परविरोधी होऊ नयेत अशी दक्षता घेतात, त्यामुळे उत्तर बहुधा लगेच मिळते. उपयोगकर्त्याने वेगवेगळ्या वितरणांची भांडारे एकत्र जोडली की मात्र ही दक्षता निरुपयोगी ठरते व अनेक बिघाड तेथून सुरू होतात.

निष्कासन : नोंदीच्या आधारे होणाऱ्या निष्कासनात तीन प्रश्न येतात. पहिला, आज्ञावलीबरोबर तिची जुळवणूक काढायची की ठेवायची. डेबियनमध्ये ह्यासाठी दोन वेगळ्या आज्ञा आहेत. साध्या निष्कासनात फाईली जातात, पण उपयोगकर्त्याने बदललेल्या प्रणालीस्तरावरील जुळवणुकीच्या फाईली राहतात व संच पुन्हा बसविल्यास उपयोगी पडतात; समूळ निष्कासनात त्याही जातात. व्यक्तीच्या खासगी निर्देशिकेतील फाईलींना मात्र दोन्ही आज्ञा हात लावीत नाहीत, कारण त्या संचाच्या नसून व्यक्तीच्या आहेत, असे मानले जाते.

दुसरा प्रश्न सोबत आलेल्या संचांचा. एपीटीच्या नोंदीत प्रत्येक संचापुढे तो उपयोगकर्त्याने मागितला की अवलंबनामुळे आपोआप आला, अशी खूण असते. आपोआप आलेला संच कोणालाच लागेनासा झाला की, तो काढण्याजोगा म्हणून दाखविला जातो. विंडोजमध्ये सामाईक घटकांसाठी उपयोगसंख्या ठेवण्याची रीत होती. ती शून्यावर आली की, हा घटक आता कोणी वापरीत नसल्याचे दिसते, तो पुसावा काय, असा प्रश्न उपयोगकर्त्यालाच विचारला जाई. ज्याचे उत्तर त्याला माहीत असण्याचा संभव नाही असा हा प्रश्न होता. काही आज्ञावली ही संख्या वाढवीतच नसत. त्यामुळे शून्य ह्या आकड्यावरही भिस्त ठेवता येत नसे.

तिसरा प्रश्न सर्वांत गंभीर आहे. जो संच काढायचा त्यावर इतर संच अवलंबून असले, तर तेही काढावे लागतात. एखादा नवा संच बसविताना अटी जुळाव्यात म्हणूनही व्यवस्थापक काही जुने संच काढण्याचा प्रस्ताव मांडू शकतो. २०२१ मध्ये पॉप-ओएस ह्या वितरणावर एका खेळविषयक संचाच्या अटी काही काळ चुकीच्या झाल्या होत्या. तो बसविण्याच्या आज्ञेमुळे चित्रमय पृष्ठभाग पुरविणारे संचच निघून जात. व्यवस्थापकाने आवश्यक संच काढले जाणार असल्याची सूचना दिली होती व स्पष्ट संमतीचे वाक्य टंकून मागितले होते; तरीही लांबलचक यादी न वाचता संमती दिली गेली. त्यानंतर ही संमतीची वाट एपीटीमध्ये अधिक कठीण करण्यात आली. निष्कासनाची यादी वाचल्याशिवाय होकार देऊ नये, हा ह्या विषयातील पहिला व्यावहारिक नियम होय.

मॅकओएसवर बहुतेक आज्ञावली एका आवरणात बांधलेल्या असतात. ते आवरण आज्ञावलींच्या निर्देशिकेत ओढून ठेवले की स्थापना आणि कचरापेटीत टाकले की निष्कासन होते. डॉसच्या काळातील साधेपणा येथे बऱ्याच अंशी टिकून आहे. परंतु उपयोगकर्त्याच्या पसंती व तात्पुरता साठा ह्यांच्या फाईली अन्य निर्देशिकेत मागे राहतात. स्थापक-संचाच्या द्वारे बसविलेल्या आज्ञावलींची पावती प्रणालीत राहते, पण त्या पावतीवरून संच काढण्याची अंगभूत सोय नाही.

मराठी लिपी आणि संच : आज्ञावली काढल्यावर तिच्या साहाय्याने लिहिलेल्या मजकुराचे काय होते, हा प्रश्न मराठी वाचकाला विशेष जवळचा आहे. पुण्यात १९८८ मध्ये स्थापन झालेल्या प्रगत संगणन विकास केंद्राने, म्हणजे सी-डॅकने, भारतीय लिप्यांसाठी ‘जिस्ट’ तंत्रज्ञान विकसित केले. भारतीय लिप्यांच्या संकेतनाचे ‘इस्की’ हे मानक १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने स्वीकारले. परंतु मुद्रण व्यवसायात सर्रास रूढ झाले ते निराळेच. व्यावसायिक फाँटमध्ये देवनागरी अक्षरांचे तुकडे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसविलेले असत. संगणकाच्या लेखी मजकूर हा इंग्रजी अक्षरांची व चिन्हांची मालिकाच असे. त्याला मराठी रूप देई तो केवळ फाँट. शिवाय प्रत्येक निर्मात्याची मांडणी वेगळी होती.

ह्याचा परिणाम निष्कासनाच्या वेळी उघड होई. नाशिकच्या एखाद्या मुद्रणालयाने जुना संगणक बदलला व त्याबरोबर फाँटची आज्ञावली गेली, तर आधीच्या सर्व फाईली डिस्कवर शाबूत असूनही उघडल्यावर अर्थहीन इंग्रजी अक्षरांच्या ओळी दिसत. काही आज्ञावलींबरोबर संगणकाच्या पाठीमागे जोडावयाचे एक छोटे कुलूप येई. ते हरविले तरी तीच गत होई. मजकूर आणि आज्ञावली ह्यांची अशी जखडण झाल्यामुळे आज्ञावली काढण्याचे स्वातंत्र्य नावापुरते राहत असे. स्वयंअध्ययनाच्या पुस्तकांवर अध्यापन चालविणारी नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठासारखी (स्थापना १९८९) संस्था असो की एखादे छोटे नियतकालिक असो, ज्याला जुना मराठी मजकूर वर्षानुवर्षे पुन्हा वापरायचा आहे त्याच्यासाठी हा तांत्रिक तपशील नसून मजकूर टिकण्याचा प्रश्न आहे.

ह्यातून सुटका युनिकोड ह्या सार्वत्रिक संकेतनाने केली. १९९१ मधील त्याच्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरीला स्वतःचे संकेतांक आहेत. त्यामुळे मजकूर फाँटपासून स्वतंत्र झाला व एक फाँट काढून दुसरा बसविला तरी मजकूर वाचता येऊ लागला. तथापि जोडाक्षरे जुळवून दाखविण्याची सोय प्रणालीत असावी लागते. विंडोज एक्सपी (२००१) मध्ये ती आपोआप बसत नसे. भाषाविषयक पर्यायांत जाऊन ती मागावी लागे आणि प्रणालीची मूळ सीडी घालावी लागे. मूळ सीडी जवळ नसलेल्यांना चौकटींच्या रांगा पाहाव्या लागत. विंडोज व्हिस्टापासून (२००७) ही सोय प्रणालीचा अंगभूत भाग झाली.

लिनक्सच्या वितरणांत हेच काम संचांनी केले. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेक ह्या कंपनीने घडविलेले ‘लोहित’ फाँट रेड हॅटने २००४ मध्ये मुक्त परवान्याखाली उपलब्ध केले. पुढे रेड हॅटच्या पुणे कार्यालयातील अभियंत्यांनी त्यांची निगा राखली व २०११ मध्ये त्यांना खुला फाँट परवाना देण्यात आला. परवाना मुक्त असल्यामुळेच कोणत्याही वितरणाला हे फाँट आपल्या भांडारात ठेवता आले. मराठी शुद्धलेखन-तपासणीचा ‘हनस्पेल-एमआर’ हा संच आणि लिब्रेऑफिसचा मराठी भाषासंच हेही अशाच भांडारांतून मिळतात. सी-डॅकने २००७ मध्ये प्रसृत केलेली ‘बॉस’ ही भारतीय भाषांना अनुकूल प्रणाली डेबियनवर आधारलेली असल्याने तिचे संच-व्यवस्थापनही त्याच पद्धतीचे आहे.

स्थापना एकदाच करून भागत नाही, हेही मराठीच्या उदाहरणावरून दिसते. ‘ॲ’ ह्या अक्षराला स्वतंत्र संकेतांक मिळाला तो २००८ मधील युनिकोड ५·१ मध्ये. त्यापूर्वीचा फाँट असलेल्या संगणकावर ‘ॲ’च्या जागी रिकामी चौकट दिसे. भांडारातून आलेला फाँट नव्या आवृत्तीसह आपोआप सुधारतो; सीडीवरून किंवा मित्राकडून आणून हाताने बसविलेला फाँट नोंदीत नसल्यामुळे तसाच राहतो.

विश्वासार्हता : स्थापनेच्या वेळी संचातील सूचना प्रणालीच्या सर्वाधिकाराने अमलात येतात; म्हणून संच कोठून आला ह्याला महत्त्व असते. भांडारातील प्रत्येक संचावरून गणिताने काढलेला एक ठसा सूचीत नोंदलेला असतो व सूचीवर सांभाळकर्त्यांची अंकीय स्वाक्षरी असते. संचातील एक अक्षर बदलले तरी ठसा जुळत नाही. विंडोज व मॅकओएसमध्येही निर्मात्याची स्वाक्षरी तपासली जाते.

स्वाक्षरी ही संच वाटेत बदलला गेला नाही, एवढीच ग्वाही देते. मूळ आज्ञावली निर्दोष असल्याची नाही. मार्च २०२४ मध्ये ‘एक्सझेड’ ह्या फाईली आकुंचित करणाऱ्या, जवळजवळ प्रत्येक लिनक्स प्रणालीत असलेल्या घटकात हेतुपुरस्सर ठेवलेले चोरदार आढळले. ते घालणाऱ्या व्यक्तीने दीर्घकाळ सहकार्य करून सांभाळकर्त्याचा विश्वास संपादन केला होता. दूरस्थ प्रवेशाला किंचित जास्त वेळ का लागतो, ह्याचा शोध घेणाऱ्या एका अभियंत्याच्या ते लक्षात आले. सदोष आवृत्ती तोवर प्रामुख्याने वितरणांच्या चाचणी-शाखांतच पोहोचली होती. कोणत्या संगणकावर कोणती आवृत्ती आहे ह्याची नोंद असल्यामुळे ती शोधून मागे घेणे शक्य झाले.

अलीकडील पद्धती : अवलंबनाच्या गुंतागुंतीवर उपाय म्हणून आज्ञावलीला लागणारे बहुतेक घटक तिच्याबरोबरच बांधून देण्याकडे कल वाढला आहे. २०१६ पासून उबंटूच्या मेजावरील आवृत्तीत आलेले ‘स्नॅप’ आणि २०१८ मध्ये १·० ही आवृत्ती गाठलेले ‘फ्लॅटपॅक’ ह्या अशा पद्धती होत. त्यांत आज्ञावली इतरांपासून अलग ठेवली जाते व तिला कोणत्या फाईलींपर्यंत पोहोचू द्यायचे, हे ठरविता येते. निष्कासन सोपे होते; मात्र जागा अधिक लागते आणि एखाद्या घटकात दोष निघाल्यास तो प्रत्येक गठ्ठ्यात वेगळा दुरुस्त करावा लागतो. ‘निक्स’ ह्या पद्धतीत प्रत्येक संच त्याच्या घडणीवरून ठरलेल्या वेगळ्या मार्गनामावर ठेवला जातो. त्यामुळे अनेक आवृत्त्या शेजारी नांदतात व मागील स्थितीला परत जाता येते. मॅकसाठी जानेवारी २०११ मध्ये ॲप स्टोअर सुरू झाले, तर मायक्रोसॉफ्टने २०२१ मध्ये ‘विनगेट’ ह्या आज्ञाधिष्ठित व्यवस्थापकाची १·० ही आवृत्ती प्रसिद्ध केली. लिनक्स वितरणांत रुळलेली भांडाराची कल्पना अशा रीतीने इतरत्रही स्वीकारली गेली.

भांडाराबरोबर नियंत्रणाचाही प्रश्न येतो. खासगी कंपनीच्या भांडारात काय ठेवायचे व काय काढायचे, हे ती कंपनी ठरविते. मुक्त वितरणांच्या भांडारांची प्रत कोणालाही करून घेता येते. कोणतीही पद्धत निवडली, तरी उपयोगकर्त्याने तीन गोष्टी पाहणे हिताचे असते : संच शक्यतो प्रणालीच्या भांडारातूनच घ्यावा, काढल्या जाणाऱ्या संचांची यादी संमतीपूर्वी वाचावी, आणि ज्या आज्ञावलीत मजकूर साठविला जातो ती काढण्याआधी तो मजकूर दुसऱ्या आज्ञावलीने उघडता येतो की नाही, हे तपासून घ्यावे. आज्ञावली पुन्हा बसविता येते. तिच्याबरोबर वाचता न येणारा झालेला मजकूर परत मिळेलच, असे नाही.